पलंग नंबर सतरा

पहिल्या भेटीत त्याने तिला एक पांघरूण, साबणाची अर्धी वडी आणि पलंग नंबर सतरा दिला.

बेघरांच्या निवाऱ्याचा तो व्यवस्थापक. ऑफिसमागच्याच खोलीत राहणारा. पावसात निथळणारी बाई, काखेत डबा... त्याने नेहमीच्या मायेने सांगितलं, "डबा उशाशी ठेवा. इथे चोऱ्या होतात."

"डब्यात चाळीस जणांच्या लसी आहेत," ती म्हणाली. "उशाशी ठेवल्या तर उबून जातील. मी नर्स आहे."

तो ओशाळला. साबण मात्र परत मागितला नाही.

पुढे सगळे तिला सिस्टर म्हणू लागले. तो एकटा 'सतरा नंबर' म्हणे. याचं कारण एकतीस रहिवाशांना आठवड्यात कळलं. त्या दोघांना वर्ष लागलं.

दर बुधवारी ती येई. लसी टोचून झाल्या की सामानाच्या खोलीत बसून दोघं लसीची कार्डं लावत. काम अर्ध्या तासाचं, पण तिचं समाधान लवकर होत नसे.

मग क्षयाची तपासणी आली. रहिवाशांची भीड चेपावी म्हणून थुंकीची पहिली बाटली त्याने स्वतःची दिली. सगळ्यांचे रिपोर्ट चांगले आले. त्याचा तेवढा बिघडला. पांघरुणांची धूळ म्हणून दोन महिने दडपलेला खोकला आता कागदावर नाव लावून आला होता.

तिने खिडकी उघडली, मास्क लावला आणि फॉर्म घेऊन टेबलाच्या पार पलीकडे बसली.

"बरा होतो हा रोग. सहा महिने रोज नर्ससमोर गोळ्या गिळायच्या. आता सांगा, गेल्या तीन महिन्यांत बंद खोलीत आठ तासांहून जास्त कुणाकुणाबरोबर होतात? त्यांची पुन्हा तपासणी होईल."

त्याने पलंगाच्या क्रमाने नावं सांगितली. सोळानंतर अठरा.

दारात उभा असलेला निवाऱ्यातला म्हातारा न्हावी म्हणाला, "मॅनेजर, सतरा राहिला."

"आजोबा, त्या पलंगाचा पाय मोडून चार महिने झाले. कोण झोपतंय तिथे?"

"झोपायचं कोण म्हणतंय? मी बसण्याबद्दल बोलतोय," म्हणत आजोबा निघून गेले.

ती फॉर्मकडे बघत राहिली. "बारा बुधवार, अर्धा अर्धा तास. सहाच होतात. मी काही यादीत बसत नाही."

"नाहीच."

"...खिडकी कोण लावायचं?"

"वाऱ्याने कार्डं उडायची."

"आणि लावलेली कार्डं पुन्हा पुन्हा कोण लावायचं?"

"तुम्ही. तीन तीनदा. सगळे मिळून अठरा तास."

"मोजलेत?"

"बुधवारी दुसरं काय मोजणार?"

"मग सांगितलं का नाहीत?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "यादीत नाव आलेल्या नर्सला ही केस देत नाहीत. गोळ्या द्यायला दुसरी येईल, सहा महिने. तुम्ही आलेल्या बऱ्या — असं वाटलं. इतकंच."

मास्कमुळे तिचा चेहरा दिसला नाही. ही सोय सरकारी असली तरी त्या क्षणी तिला ती फार आवडली.

"घरी भावाची मुलगी आहे," ती हळू म्हणाली. "दहा महिन्यांची. माझ्याच कुशीत झोपते."

तो झटकन खिडकीपासून वळला. "लिहा. आधी लिहा."

सतरा क्रमांकापुढे तिने आपलं नाव लिहिलं. फाईल दुसऱ्या नर्सकडे गेली, बुधवारही गेले.

तिची तपासणी झाली, पोरीचीही. दोघी ठणठणीत. त्याच्या गोळ्या लागू पडल्या. त्याच्यापासून आता कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. त्यानंतरच्या बुधवारी ती आली. हात रिकामे.

"सिस्टर, आज लस नाही ना?" आजोबांनी विचारलं.

"नाही."

"मग काय काम?"

"काही नाही."

आजोबा तत्परतेने बाजूला झाले.

सामानाच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. तो थोडा वाळला होता. "सतराचा पाय बसवून घेतला," तो म्हणाला. "आता तिथे एक मावशी झोपतात. तुम्हाला इथे जागा नाही."

"मग?"

"बाहेर खोली बघतोय... दोन खिडक्यांची."

तिने उघड्या खिडकीकडे पाहिलं. "कार्डं उडतील."

"उडू द्या. वेचायला दोघं आहोत."