डाव्या बाजूने

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, आणि आपण मनातल्या मनात पुटपुटतोय अशी त्याची समजूत होती.

"काय चेहरा आहे… गणिताचा पेपर वाटायला आल्यासारखा. डोळे मात्र छान आहेत."

हे तो रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी इतक्या आवाजात बोलला. मी दाराच्या चकचकीत पत्र्याकडे बघत राहिले. पत्र्यात तो दिसत होता. उंच, चुरगळलेला शर्ट, एक हात मानेवर, आणि चेहऱ्यावर अगदी निरागस भाव. आपलं बोलणं कुणी ऐकलंय याची त्याला गंधवार्ता नव्हती.

तिसऱ्या मजल्यावर उतरताना माझ्या हातातला किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला. चांगला खणखणला. तो माझ्यापुढे दोनच पावलांवर होता, पण त्याने वळूनही पाहिलं नाही. आधी मला राग आला. मग वेगळीच शंका आली. कितीही उद्धट माणूस असला तरी मागे असा आवाज झाला की त्याचा खांदा हलतोच. याचा हलला नव्हता.

मी या रुग्णालयात कान तपासते. काचेच्या एका बाजूला यंत्रापाशी मी असते, दुसऱ्या बाजूला जाड भिंतींच्या लहानशा खोलीत हेडफोन लावून पेशंट. मी बारीक बारीक आवाज पाठवायचे, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, की माझ्याकडे हिरवा दिवा लागतो. पाच वर्षं मी हेच करतेय आणि मला ते आवडतं. या खोलीत कुणी कुणावर ओरडत नाही.

दहा मिनिटांनी केसपेपर घेऊन तोच आत आला. मला पाहून त्याने डोळे मिटून घेतले.

"लिफ्टमध्ये मी… मोठ्याने बोललो का?"

"गणित नाही, विज्ञान," मी म्हटलं. "बसा."

तो ध्वनिव्यवस्था बघायचा. नाटकं, संगीताचे कार्यक्रम, मैदानावरचे मेळावे, सगळं. दोन दिवसांपूर्वी एका मैदानावर मोठा स्पीकर खरखरत होता म्हणून तो त्याच्या तोंडाशी वाकला, आणि नेमका त्याच क्षणी गाणारा हातातला माइक घेऊन स्पीकरसमोर आला. एक किंकाळीसारखी शिट्टी उठली, याच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर. त्यानंतरही तो चार तास तिथेच काम करत राहिला.

"कानात घालायचे बोळे नव्हते?"

"होते ना. खिशात."

"खिशाला त्रास होत होता का?"

तो ओशाळून हसला. "बाकीच्यांना मी स्वतः वाटतो. पण ते घातले की मला आवाज नीट जोखता येत नाही." मग हसू गेलं. "तेव्हापासून कानात कापूस कोंबल्यासारखं आहे. आणि त्या कापसात बसून कुणीतरी शिट्टी वाजवतंय. सारखी. दोन रात्री झोप नाही. ती थांबेल ना?"

"आधी तपासू."

"आणि रिपोर्ट जरा चांगला द्या. नाट्यगृहात कायमची जागा निघालीय. सात वर्षं मी तिथे कंत्राटावर आहे. तीन आठवड्यांत कानांचा दाखला द्यायचाय."

तपासणी सुरू झाली. काचेतून तो माझ्याकडे बघत होता. सगळेच अधूनमधून बघतात, पण याची नजर हलतच नव्हती. मी मान खाली घातली. माझे कान गरम झाले, हे तो बघतोय की काय याची आणखी धास्ती. बोटं चुकू नयेत म्हणून मी यंत्राची कड घट्ट धरली… आणि डोळे छान आहेत, हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

उत्तरं मात्र फारच चांगली येत होती. मी आवाज कमी करत गेले तरी दिवा लागतच होता. किल्ल्या न ऐकलेल्या माणसाचा दिवा.

मग मी एक केलं. खांदा नेहमीसारखा उचलला, बोट कळीवर ठेवलं, पण आवाज पाठवलाच नाही.

दिवा लागला.

पुन्हा केलं, पुन्हा लागला. तिसऱ्यांदाही.

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्याकडे बघत होता.

माझा चेहरा तेव्हा खरोखरच गणिताच्या पेपरासारखा झाला असणार. मी खुर्ची फिरवली, त्याच्याकडे पाठ केली, आणि सगळी तपासणी पहिल्यापासून घेतली. या वेळी दिवा बराच वेळ विझलेला राहिला. आलेखावर उजव्या कानाची रेघ थोडी खाली आली, डाव्या कानाची तर घसरगुंडी झाली. ऐकू यायला निदान इतक्या डेसिबलचा आवाज लागत होता: पन्नास, पंचावन्न, आणि चार हजार हर्ट्झच्या टोकदार आवाजापाशी सत्तर.

तो बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "मधे तीन वेळा मी आवाज दिलाच नव्हता."

तो आलेखावर वाकला. मग हळूच म्हणाला… म्हणजे त्याच्या मते हळूच, "एखादा आकडा बदलला तर कुणाचं काय जाणार आहे?"

"समोर बसणाऱ्यांचं. तुम्हाला बारीक, टोकदार आवाज ऐकू येत नाहीत. तुम्ही ते वाढवत जाल, आणि तुमच्या हातून पहिल्या रांगेतल्यांचे कान जातील."

त्याने डावा कान तळव्याने झाकला. 

"हे माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोंगाटापासून लांब राहायला सांगितलं, पण एकदम सामसूम खोलीतही बसू नका म्हणाले, शिट्टीकडे लक्ष जातं. हळू आवाजात पंखा चालू ठेवा. मी आठ दिवसांनी बोलावलं, आणि मग तीन आठवडे पुरे होतील तेव्हा.

"आणि ऐकू येणं परत नाही आलं तर?"

"आधी आठ दिवस जाऊ देत."

आमच्या कामात याला उत्तर म्हणत नाहीत, उत्तर पुढे ढकलणं म्हणतात. जे परत यायचं ते बहुतेक या तीन आठवड्यांतच येतं, हे मला माहीत होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. रात्री जेवताना ताईने दोनदा विचारलं, "कुठे आहेस?" आणि तिसऱ्यांदा ती पाण्याचा तांब्या माझ्यासमोर आपटून म्हणाली, "दुसऱ्यांचे कान तपासते, आणि घरात हिला ऐकू येत नाही."

आठ दिवसांनी तो आला आणि आत जाऊन आपणहून भिंतीकडे तोंड करून बसला. उजवा कान जवळजवळ पूर्ववत झाला होता. डावा फक्त पाचने हलला होता. मी तो आकडा दोनदा तपासला.

"एकदाच आलेलं उत्तर मी धरत नाही," मी त्याला सांगितलं. "दोनदा आलं तरच लिहिते."

"आणि दोनदा काय आलं?"

"पाच."

"पाच," तो म्हणाला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी सुटले तेव्हा रुग्णालयासमोरच्या बाकावर तो बसला होता. खोलीत बसलं की शिट्टी मोठी होते, म्हणाला. बाकावर निदान रस्ता आहे.

"आता काय काय वाजतंय ते मला सांगाल? मला अर्धंच मिळतंय."

मग मी बसले. सायकलची साखळी. दुकानाचं शटर. वरती पानं…

"पानं वाजतायत?"

"थोडी."

त्याने वर पाहिलं. पानं हलत होती, आणि त्याच्यासाठी मुकी होती. त्याचा चेहरा असा झाला की मी घाईघाईने पुढचं शोधलं.

"तुमचा आवाज कुठे येतो, तुमच्या त्या आलेखावर?" त्याने विचारलं.

"साधारण दोनशे हर्ट्झच्या आसपास सुरू होतो."

"म्हणजे माझ्या चांगल्या भागात."

"पण 'स' आणि 'श' बरेच वर असतात. ते तुम्हाला डावीकडून नीट मिळत नसतील."

तो उठला आणि बाकाला वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला. आता मी त्याच्या उजव्या हाताला होते. "तुमचा एक 'स'सुद्धा फुकट घालवायचा नाही," तो म्हणाला.

असं दहा-बारा दिवस चाललं. साडेपाच ते सव्वासहा, माझी बस येईपर्यंत. एकदा कुठून तरी ट्रकचा हॉर्न वाजला आणि तो दोन्ही हातांनी कान झाकून खाली वाकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हॉर्न गेला, तरी हात तिथेच राहिला… मग मी तो उचलून पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधलं.

"एक कबूल करायचंय," तो खालीच बघत म्हणाला. "त्या पहिल्या दिवशी, डाव्या कानाच्या वेळी मी तुमच्या खांद्याकडे बघत होतो. ती लबाडीच होती."

"माहीत आहे."

"उजव्या कानाच्या वेळी… नव्हतो."

बस आली, आणि मी चुकीच्या बसमध्ये चढले.

शेवटच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मी त्याची फाइल आमच्या विभागातल्या मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"का? तुझा पेशंट आहे ना?"

"मी नीट तपासणार नाही. दिवा लागायची वाट बघत बसेन. त्याला अर्धा सेकंद जास्त देईन."

बाईंनी फाइल ओढून घेतली. "अर्धाच?" एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या खोलीत होता आणि मी माझ्या खोलीत एका आजोबांचे कान तपासत होते. आजोबा म्हणाले, "पोरी, आवाज दे की." मी कळ दाबायलाच विसरले होते. बाई बाहेर आल्या तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. विचारलंही नाही. तिसाव्या वर्षी मी प्रथमच एखादा आकडा बघायला घाबरत होते.

साडेपाचला तो बाकावर होता. मांडीवर बंद पाकीट, चेहरा गंभीर.

"विचारणार नाही?"

"तुम्ही सांगाल तेव्हा."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाट्यगृहाचे व्यवस्थापक. तो उठून उभा राहिला आणि फोन उजव्या कानाला लावला. डाव्या हातात होता तो फोन, तरी हात बदलून उजव्या कानाला लावला. मी ते पाहिलं, आणि मनातल्या मनात आलेख वाचून झाला.

"हो साहेब. नाही, लपवत नाही, रिपोर्टमध्ये लिहिलंय सगळं. डाव्या कानात खोट राहणार. शिट्टीही आहे अजून… हो… ऐकतो, बोला."

व्यवस्थापक बोलत होते. बराच वेळ बोलत होते. तो डोळे मिटून ऐकत होता आणि त्याच्या मानेची शीर उडत होती. सात वर्षं, मला वाटलं, आणि वीतभर अंतर. मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते. त्या बाजूला पंचेचाळीसच्या खाली काही पोचत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? कुजबुज तीसची असते. एखाद्या बंद खोलीत बोलावं तितकं ते सुरक्षित होतं.

म्हणून मी बोलले. दोन आठवडे साठलेलं होतं.

"नाही परत आलं तरी असू दे. शिट्टी राहू दे, खोट राहू दे. मला तू हवा आहेस… असाच."

त्याने डोळे उघडले नाहीत. फोनवर "हो साहेब" म्हणाला, "सोमवारी," म्हणाला, "आभारी आहे," म्हणाला. मग फोन खिशात ठेवला. आम्ही बसस्टॉपच्या दिशेने चालू लागलो.

"घेतायत," तो म्हणाला. "बोळे घालायचेच, आणि बारीक आवाज लावताना शेजारी दुसरा माणूस हवा. मी खरं सांगितलं ते बरं केलं, म्हणाले."

माझा श्वास सुटला. "चांगलं झालं. फार चांगलं झालं."

चार पावलं गेल्यावर तो म्हणाला, "तुम्ही मला 'तू' म्हणालात."

मी थांबले. "कधी?"

"डाव्या बाजूने."

त्याने पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते उघडलं. डाव्या कानाची रेघ वर चढली होती. वीस, वीस, पंचवीस. चार हजारापाशी तेवढा एक खड्डा उरला होता, पंचेचाळीसचा. मी सगळे आकडे पुन्हा एकदा वाचले.

"पण फोन उजव्या कानाला…"

"तीन आठवड्यांची सवय."

"मी जुना आलेख धरला," मी म्हटलं. माझ्या कामात याहून मोठी चूक नाही.

"धरलात ते बरं झालं." तो हसत होता, पण डोळे ओले होते. "पुन्हा म्हणा ना."

"ऐकू आलंय ना तुम्हाला?"

"आलंय. पण एकदाच आलेलं उत्तर धरायचं नसतं. दोनदा यावं लागतं."

मी इकडेतिकडे पाहिलं. रस्त्यात माणसं होती, पण आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी त्याच्या डाव्या बाजूलाच राहिले. ऐकू आल्यावर पुढचा आवाज आणखी हळू द्यायचा, या तपासणीच्या नियमाप्रमाणे आवाज एक पायरी खाली आणला, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

त्याने माझा हात हातात घेतला आणि अंगठ्याने एकदाच दाबला, बटण दाबतात तसा.