गुलाबसाहेबांच्या दुपारी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विनोदिनी नवऱ्याला घेऊन एसपी ऑफिसात गेली. दरवर्षीचंच काम. नवरा परदेशी, त्यामुळे त्याचा इथला मुक्काम वर्षावर्षानं वाढवून घ्यावा लागे. बायकोनं सोबत जायचं, हा माणूस माझ्याजवळ राहतो असं लिहून द्यायचं, सही करायची. दहा वर्षांत तिथला बाबू ओळखीचा झाला होता. कागदावर शिक्का मारता मारता त्यानं नेहमीसारखं विचारलं, "कैसे हैं, गुलाब साहब?"

गुलाबसाहेबांनी हसून उत्तर दिलं. सविस्तर, अदबीनं, हात हलवत. पण रशियनमध्ये.

बाबूला गंमत वाटली. विनोदिनीलाही आधी तसंच वाटलं. ऑटोत बसल्यावर तिनं विचारलं, असं काहून बोललात म्हणून. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि आणखी एक लांबलचक वाक्य म्हटलं, तेही रशियनमध्येच. आपण तिच्याशी रोजच्यासारखंच बोलतोय, अशी त्याची समजूत होती हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

त्याचं खरं नाव ग्लेब. भिलाईच्या कारखान्यात रशियन इंजिनिअर येत, त्यांच्याबरोबर तो एक्क्याऐंशी साली आला होता. वितळलेलं लोखंड उडून पाय भाजला आणि चोवीस दिवस दवाखान्यात पडून राहिला. विनोदिनी तिथं नर्स होती. बाप रेल्वेत, मूळचे भंडाऱ्याकडचे. तिच्या तोंडी घरची नागपुरी बोली. तीच तिनं त्याला शिकवली. पाणी, दुखते, बस, झोप. 'ग्लेब' तिथं कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून वॉर्डातल्या आयाबायांनी त्याचा 'गुलाब' केला.

तो परत गेला. तिकडे त्याला बायको होती, तामारा. वर्षातून एखादं पत्र यायचं, मोडक्या हिंदीत. विनोदिनीनं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे तिनं कोणाला सांगितलं नाही आणि कोणी फार विचारलंही नाही. दोन हजार दोनच्या पावसाळ्यानंतर तो अचानक दारात उभा राहिला. केस पांढरे, हातात एक बॅग. बायको वारली म्हणाला. पेन्शन आहे, आता इथंच राहीन म्हणाला. विनोदिनी तेव्हा बावन्न वर्षांची होती. भाऊ धर्मपाल महिनाभर बोलला नाही. मग साहेब एक दिवस त्याच्या घरी जाऊन ठेचा-भाकर खाऊन आला आणि तोही प्रश्न मिटला. रायपूरला तेलीबांध्याच्या पुढे, नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा घरं उठत होती. तिथं तिच्या नावावर एक घर झालं. सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, त्याला गुलाबसाहेबाचं घर म्हणायचा.

दहा वर्षं बरी गेली. बरी म्हणजे खरंच बरी.

आणि आता ते ऑफिसातलं उत्तर. महिना सरायच्या आत त्याची हिंदी गेली, मग मराठी गेली. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी डोकं विसरायला लागलं की नंतर शिकलेलं आधी पुसतं, पहिली भाषा तेवढी उरते. विनोदिनीला हे ठाऊक होतं. असे म्हातारे तिनं पुष्कळ पाहिले होते. पण त्यांच्या भाषा तिला कळत. हा माणूस समोर बसून काहीतरी मायेनं बोलायचा, आणि तिला त्याच्या भाषेतलं धन्यवाद तेवढं यायचं. आपल्याच घरात आपण परक्या मुलखात येऊन पडलो, असं तिला वाटे. स्वयंपाकघरात जाऊन ती उगाच भांडी घासत राही.

मग त्या दुपारी सुरू झाल्या.

रायपूरचा मे महिना ज्यानं पाहिला त्याला सांगायला नको. बारा वाजले की रस्त्यावरचे डंपर थांबतात, कुत्री नालीत जाऊन बसतात, आणि बाहेर जे पांढरं ऊन पडतं त्यात माणूस तर सोडाच, सावलीसुद्धा दिसत नाही. खिडकीला कूलर घरघरत असतो, ओल्या वाळ्याचा वास घरभर असतो. अशा एका दुपारी विनोदिनीला मागच्या खोलीतून त्याचं बोलणं ऐकू आलं. आधी तिला वाटलं, स्वतःशीच बोलतोय. पण स्वतःशी बोलणारा माणूस असा मध्ये थांबत नाही. तो बोलायचा, थांबायचा, मान डोलवायचा, मग उत्तर द्यायचा. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून. एकदा तर तो उठला आणि त्या खुर्चीच्या पाठीवर आपली शाल ठेवली. मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत.

रोज बारा ते एक. घड्याळ लावल्यासारखं.

आणि वास. दारापाशी उभं राहिलं की वाळ्याच्या वासातून तो हळूच वर यायचा. विनोदिनीनं तीस वर्षं तो वास घेतला होता. तो ओळखायला तिला डोळे उघडायची गरज नव्हती. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या, कोणी कूस न बदललेल्या पेशंटच्या खोलीचा वास. तिनं ग्लेबची चादर बदलली, फरशी फिनाइलनं पुसली. एक वाजला की वास आपोआप जायचा. दुसऱ्या दिवशी बाराला परत.

घाबरली ती, पण त्याहून जास्त तिला लागलं ते दुसरंच. त्या बोलण्यात मधूनमधून तिचं नाव यायचं. वीना. तो तिला वीना म्हणायचा. आपल्याबद्दल आपल्याच घरात काहीतरी बोललं जातंय आणि आपल्याला कळत नाही…

एका दुपारी तिनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून कपाटावर ठेवला, आणि दुसऱ्या सकाळी शेजारच्या मीराला ग्लेबजवळ बसवून भिलाईला गेली. तिथं नरहरकाका राहायचे. रशियन लोकांचे जुने दुभाषे, नागपूरचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण कान शाबूत. काकूंनी चहा ठेवला. काकांनी मोबाइल कानाशी धरला, मग टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

विनोदिनीला ऐकू येत होतं ते एवढंच: ग्लेबचा आवाज, मग कूलरची घरघर, मग पुन्हा ग्लेबचा आवाज.

काका बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, "ही बाई कोण?"

"कोणती बाई?"

"ही बोलते आहे ना, ती. खेड्याकडची दिसते, बोलणं जुन्या वळणाचं आहे. फार थकलेला आवाज…"

घरघर चालू होती. काका त्या घरघरीकडे कान देऊन मान हलवत होते. विनोदिनीनं बशी खाली ठेवली. मला काही ऐकू येत नाही, हे तिला त्यांना सांगवेना. ती एवढंच म्हणाली, "काय म्हणते ते सांगा, काका."

काकांनी थांबत थांबत सांगितलं. बाई म्हणते, तू तीन महिन्यांत येतो म्हणालास. मी पलंग खिडकीपाशी लावून घेतला, रस्ता दिसावा म्हणून. तो म्हणतो, हो, तामारा, म्हणालो होतो. बाई म्हणते, पहिला हिवाळा निघाला. शेजारीण दूध आणून द्यायची, तीही नंतर दोन दिवसांआड यायला लागली. दुसऱ्या हिवाळ्यात पाठीला जखमा झाल्या. दोन हजार तीनच्या डिसेंबरात शेजारीण आली तेव्हा मी उत्तर दिलं नाही. तो रडतो आहे इथे. मग बाई विचारते, ती कशी आहे, तुझी वीना? तो म्हणतो, चांगली आहे. तिला काही माहीत नाही.

विनोदिनीनं वर पाहिलं.

"बाई म्हणते, तू सांगितलं नाहीस? तो म्हणतो, नाही." काकांनी मोबाइल उचलून तिच्या हातात दिला. "मग ती म्हणते… बरं, मग मीच सांगते. इथे संपतं."

परतीच्या गाडीत तिला तो डिसेंबर आठवत राहिला. एक पत्र आलं होतं. ग्लेब दिवसभर गच्चीवर बसून होता. जुना दोस्त गेला म्हणाला. तिनं त्याला गरम खिचडी करून वर नेऊन दिली होती आणि पाठीवरून हात फिरवला होता.

घरी येऊन तिनं कागदांची फाईल काढली. लग्नाच्या वेळी त्यानं वकिलाकडे दिलेला शिक्क्याचा रशियन कागद तिथंच होता. तो मृत्यूचा दाखला असं ती समजून चालली होती. मागं टाचलेलं इंग्रजी भाषांतर तिनं दहा वर्षांत उलटून पाहिलं नव्हतं. नवऱ्यानं दिलेला कागद कोण उलटून बघतं? कागद घटस्फोटाचा होता. तारीख, तो निघाला त्याच्या महिनाभर आधीची.

भांडायचं म्हटलं तरी कोणाशी भांडायचं? ज्याच्याशी भांडायचं तो तिची भाषा विसरून बसला होता. रात्री जेवताना तो तिच्याकडे बघून लहान मुलासारखा हसला. तिनं त्याचं तोंड पुसलं. आपण शेकडो लोकांच्या उशाशी बसलो, अनोळखी लोकांच्या पाठीच्या जखमा धुतल्या, आणि एका बाईचं शेवटचं माणूस आपण तिच्यापासून ओढून आणलं, एवढंच तिच्या मनात फिरत होतं. न कळत ओढलं, हे खरं. पण त्या खिडकीपाशी पडलेल्या बाईला त्यानं काय फरक पडला असता?

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती मागच्या खोलीत गेली. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला होता; भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. ग्लेब बोलत होता. वास होता. विनोदिनी रिकाम्या खुर्चीसमोर उभी राहिली.

"मले माहीत नव्हतं, बाई," ती म्हणाली. "तुमी आजारी होत्या हे मले कोणी सांगतलं नाही. माहीत असतं तर मी ह्यांले येऊच देलं नसतं…"

ग्लेब तिच्याकडे बघत होता. मग तो खुर्चीकडे वळला आणि हळू आवाजात रशियनमध्ये काहीतरी म्हणाला. नेमकं तेवढंच, जेवढं ती बोलली होती. शब्द संपले. तो ऐकत राहिला. कूलर घरघरत होता. खूप वेळ गेला.

ग्लेब विनोदिनीकडे वळला. दीड महिन्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून मराठी आली, वॉर्डात तिनंच शिकवलेली.

"ती म्हणून राहिली… बस. उभी नको राहू."

विनोदिनी पलंगाच्या कडेला बसली. तिघं बसली, असंच म्हणायला हवं. एक वाजेपर्यंत.

नवतपाच्या सातव्या दिवशी, दुपारी साडेबाराला, ग्लेब खुर्चीतच गेला. तोंडावर त्रास नव्हता. धर्मपालनं पळापळ करून एसपी ऑफिस, दूतावास, सगळीकडे कळवलं. तिकडून कोणी देह मागितला नाही. खारून नदीच्या काठी अग्नी दिला. धर्मपालच्या लोकांनी त्रिसरण म्हटलं, पाऱ्यातल्या बायकांनी रामनाम घेतलं, आणि एसपी ऑफिसातला बाबू ऊन डोक्यावर घेऊन शेवटपर्यंत उभा राहिला.

नंतर घर शांत झालं. तो वासही गेला. बहिणीनं एकटं राहू नये म्हणून धर्मपालनं आपली मुलगी पायल तिच्याकडे पाठवली. कॉलेज तिथून जवळ पडत होतं. पायलला मराठी सगळी कळायची, पण बोलायची हिंदी. विनोदिनी सकाळी देवडीवर बसून भाजी निवडायची, संध्याकाळी तलावापर्यंत फिरून यायची. दुपारी मात्र मागच्या खोलीत तिला गाढ झोप लागायची. बारा वाजले की डोळे मिटायचे, एकला उघडायचे. उठल्यावर कंबर दुखायची, घसा सुकलेला असायचा. वय झालं, म्हणायची.

दिवाळीच्या सुट्टीत पायल दिवसभर घरी होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवता जेवता तिनं विचारलं, "बुआ, आपको फूफाजी वाली भाषा आती है?"

विनोदिनी म्हणाली, नाही, पोट्टी. एक शब्द येते, धन्यवादचा.

"तो फिर दोपहर में आप…" पायल घुटमळली. "नींद में बोलती हैं आप. रोज़. मैंने दरवाज़े से सुना. कोई जैसे बुला रहा हो, और आप जवाब दे रही हों. एक ही बात, बार-बार."

काय बात, ते पायलनं पाठ केल्यासारखं सांगितलं. "सिचास, इदू. सिचास, इदू."

विनोदिनीनं हात धुतले आणि नरहरकाकांना फोन लावला. इकडचं तिकडचं विचारलं, काकूंची तब्येत विचारली, मग ते दोन शब्द सांगितले. काका हसले. काही विशेष नाही, म्हणाले. घराघरात बोलतात. आतल्या खोलीतून कोणी हाक मारली की आपण म्हणतो ना, 'आले, आले', तसं.

"कोणी म्हटलं?" त्यांनी विचारलं.

तिनं फोन ठेवला. तीस वर्षं, दिवसातून पन्नासदा, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती पेशंटच्या हाकेला हेच म्हणत धावली होती. भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. पायल तिच्या तोंडाकडे बघत होती.

विनोदिनीनं पदर खोचला, साबणानं कोपरापर्यंत हात पुन्हा स्वच्छ धुतले, आणि मागच्या खोलीकडे वळली.

"आज एक वाजला तरी मले उठवू नको," ती पायलला म्हणाली. "वेळ लागन."