तारप्याकडे पाठ

१९ फेब्रुवारी २०१७, रविवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. नरपडचा किनारा. नाचणारे चोवीस, तारपा धरणारा एक.

हे आकडे मी स्वतः मोजलेले आहेत. तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतलेला मी माणूस. ऐकीव गोष्टी सांगत नाही. जे घडले, ते माझ्यासमोर लख्ख उन्हात घडले.

मुंबईहून एका संगीतपटाचे चित्रीकरण आले होते. नायिका म्हणजे नावाजलेली पॉप गायिका. सुरूच्या बनापुढे कापडी जास्वंदी आणि प्लॅस्टिकचे पोपट टांगून नरपडचे कुठले तरी दूरचे बेट केले होते. जनरेटर आणि स्पीकर माझ्या ताब्यात होते. गायिकेमागे नाचायला सायवनच्या पाड्यावरची मंडळी आणली होती. तारपा, म्हणजे भोपळ्याचे ते लांब, फुंकून वाजवायचे वाद्य, मधोमध उभ्या काकड्याबाबांच्या हाती. नाचणाऱ्यांच्या साखळीच्या अगदी टोकाला त्यांची एकुलती एक लेक, सोमी.

दिग्दर्शक खेकसला, "म्हाताऱ्याकडे काय बघताय? पाठ करा त्याला! तोंडं कॅमेऱ्याकडे!"

काकड्याबाबा जागचे हलले नाहीत.

"तारप्याला पाठ नाय करायची, साहेब. पाठ केली का मागं कोण नाचतो, ते दिसत नाय."

"वाजवायचाच नाहीये तो!" दिग्दर्शक माझ्याकडे वळला. "काका, समजवा याला. नाहीतर सगळी वरात परत पाठवा."

आणि मी समजावले. ती चूक माझी.

"बाबा, सूर माझ्या स्पीकरमधून येणार. तुमचा तारपा मुका. मुक्या वाद्याला कसली पाठ?"

त्यांनी मंडळींना वळायची खूण केली. "तुमच्या शब्दावर, भाऊ."

साखळीतली भिकी शेजारच्या सोमीला म्हणाली, "सरळ नाचताना तुझं पाय चुकतात, आता उलटी काय नाचशील?"

"तुझी कंबर धरलीय ना! पडले तर तुला घेऊनच."

गाणे सुरू झाले. एकमेकांच्या कमरेत हात घालून चोवीस जण फिरू लागले. पाठी आत, तोंडे बाहेर.

दुसऱ्या कडव्याला गाण्यात काहीतरी मिसळले...

खालच्या पट्टीतले एक घुमणे.

ते ध्वनिमुद्रणात नव्हते. मी गाणे बंद केले.

घुमणे चालूच...

मी जनरेटर बंद केला. मीटरचा काटा शून्यावर आला.

घुमणे चालूच...

मी काकड्याबाबांकडे पाहिले. तारपा वाळूत पडला होता. त्यांनी दोन्ही हात कानांवर दाबले होते.

"कट! थांबा!" दिग्दर्शक ओरडला. कोणाचेही पाय थांबेनात.

"काका..." मला हाक मारताना सोमीचा आवाज चिरकला. "भिकी या बाजूला हाय... मग या बाजूनं कमरेत हात कुणाचा?"

त्या बाजूला कोणीच नव्हते.

"वळा! माझ्याकडं वळा!" काकड्याबाबांनी टाहो फोडला.

सगळे वळले. घुमणे तुटले.

भिकीचा हात हवेत तसाच वाकलेला होता... आणि त्यात कोणीच नव्हते.

ओहोटी होती. पाणी दोनशे पावले लांब. ओल्या वाळूत सोमीची पावले वर्तुळातच संपली होती. तिच्या शेवटच्या अकरा पावलांशेजारी दुसरी पावले होती... अधिक खोल रुतलेली.

"एकच पोरगी ना? असेल इथेच कुठे," दिग्दर्शक म्हणाला. "ऊन चाललंय. पुढचा शॉट लावा."

पोलिसांनी बन, वाड्या, समुद्र, सारे धुंडाळले. काही मिळाले नाही.

२०१९ साली तो चित्रपट टीव्हीवर लागला. ते दृश्य नऊ सेकंदांचे आहे. मी ते मिळवून, थांबवून, नाचणारे तीन वेळा मोजले.

पंचवीस.

सोमीच्या पलीकडे एक आकृती आहे. साऱ्या साखळीत तेवढीच तारप्याकडे तोंड करून आहे. त्यामुळे तिचा चेहरा दिसत नाही.

काकड्याबाबा आशागडला अधूनमधून दिसतात. माझ्याशी बोलत नाहीत. पण मी दिसेनासा होईपर्यंत माझ्याकडे पाठही करत नाहीत. का, ते विचारायचे धाडस मला झालेले नाही.

नाचायला आले चोवीस. परत गेले तेवीस.