काडी मोडली की कळतं

शेजारच्या बोगनवेलीची एक वाळकी फांदी भिंतीवरून आली ती थेट तृप्तीच्या वेणीत अडकली. मागोमाग भिंतीवर एक डोकं उगवलं. "लागलं का हो, ताई?" असं विचारून त्यानं चक्क जीभ चावली… कारण तोवर तृप्तीनं वळून बघितलं होतं, आणि त्या डोळ्यांना ताई म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

वाल्मीक मखमलाबादचा. घरचा द्राक्षमळा, रस्त्याला स्वतःची नर्सरी, आणि थंडीत पंचवटीतल्या बंगल्यांच्या बागा छाटायची कामं. वेणीतली फांदी सोडवताना काटे त्याच्याच बोटात रुतले आणि तृप्तीला खुदकन हसू आलं. ते हसू आईनं खिडकीतून ऐकलं. वर्षभरानं ऐकलं, म्हणून लगेच आपलीही बाग त्याच्याकडे दिली.

दोन तासांचं काम गड्यानं महिनाभर पुरवलं. दर रविवारी त्याची एम-एटी गाडी दारात उभी. कधी गुलाब राहिलाय, कधी मेंदी. तृप्ती चहा घेऊन जायची, तो कप रिकामा झाला तरी परत द्यायचा नाही. सगळं गोड चाललं होतं, फक्त एक गोष्ट तिच्या ओठांवर येऊन परत जायची. ती कळली की एम-एटी यायची बंद होईल, या भीतीनं तिला झोप लागत नव्हती.

अशाच एका रविवारी खंडेरावमामा नांदगावचं स्थळ घेऊन आले. बिजवर, दोन मुलांचा बाप. आता हिनं निवड करत बसू नये, असं त्यांचं म्हणणं. बोलता बोलता त्यांनी कोपऱ्यातल्या जास्वंदीकडे बोट केलं आणि वाळलेली ती, उपटून टाक, असं वाल्मीकला सांगितलं.

"लांबून नाय कळत, मामा," वाल्मीक वर न बघताच म्हणाला. "काडी मोडली की कळतं."

ओसरीवर मामांनी चटकन आईकडे पाहिलं. आईच्या हातातली बशी वाजली. वाल्मीकनं चमकून वर पाहिलं. काय चुकलं ते त्याला उमजेना. तृप्तीला आत पळून जाता आलं असतं. पण ती पायऱ्या उतरली.

"काय कळतं?"

"कटकन मोडली तर वाळली. वाकली, आतून हिरवी निघाली, तर… जीव हाय तिच्यात."

"माझा काडीमोड झालाय, वाल्मीक. गेल्या वर्षी."

एकदाचं तिनं बोलून टाकलं. वाल्मीकचे कान लालबुंद झाले. मग त्यानं कात्री खाली ठेवली, हात पँटला पुसले.

"मग तुमाला तर ठावंच असंल," तो हळूच म्हणाला, "आतून हिरवं हाय का नाय ते."

तृप्तीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यातूनच हसू फुटलं. मामांनी घसा खाकरला. नांदगावला काय कळवायचं, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"नाही म्हणून कळवा," तृप्ती म्हणाली. नजर मात्र वाल्मीकवरच होती. "आणि तुम्ही… तुम्हाला काही विचारायचं असेल तर आत्ताच विचारा. सगळ्यांसमोर."

त्यानं विचारलं. पुरतं विचारूही झालं नाही, तोच ती हो म्हणाली, ते पार शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू गेलं.