मागच्या खोलीतलं कनेक्शन

वायफायवाला उद्या येणार म्हणता ना? येऊ दे. पण सकाळच्याला बोलवा. उजेडात काय ती भिंत फोडा, वायर आत घ्या, मग रात्रभर मॅच बघत बसा. दिवे लागल्यावर भिंतीला भोक पाडू नये, एवढंच माझं म्हणणं. हसू नका. ही ऐकीव गोष्ट नाय, आपल्या वाल्मिकवर बेतलेली हाय. वाल्मिक, माझ्या मेहुणीचा मुलगा, कडावचा.

दोन हजार तेवीस साल. डिसेंबरची बारा तारीख, मंगळवार, कार्तिकातली अमावस्या. वाल्मिक तेव्हा कर्जतच्या एका केबलवाल्याकडं फायबरची कनेक्शनं जोडायचा. दिवसभर शेलूच्या नव्या बिल्डिंगींत जिने चढून-उतरून पोराचे पाय भरून आले होते. पण खालापूरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, पोपटशेठचं घर होतं, आणि त्याचे चार दिवस फोनवर फोन. मुरूम-मातीचा ठेकेदार. शिवीशिवाय बोलणं नाय. "आज टीव्ही चालू झाला नाय तर उद्या तुझ्या ऑफिसात येतो," म्हणाला. वाल्मिकनं गाडी तिकडं वळवली. पावणेसातला पोचला.

एकटं घर. हाकेच्या अंतरात दुसरं नाय. दार उघडलं पोपटच्या बायकोनं, रूपालीनं. ही त्याची दुसरी बायको. पहिली ठकी. ती आठ वर्षांमागं कुणाचा तरी हात धरून पळून गेली, असं पोपटच गावभर सांगायचा.

रूपालीचा खालचा ओठ फुटला होता. तिनं मागं वळून बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, टीव्ही पुढच्या खोलीत बसवा. मागच्या भिंतीला हात नका लावू."

"का वो ताई?"

ती बोलायच्या आत पोपट आला. विचारलं नाय, सवरलं नाय. तिच्या कानाखाली अशी ओढली की ती चौकटीवर जाऊन आपटली.

"त्याला काय शिकवतेस गं? मागच्याच खोलीत लाव रं. माझी बसायची खोली हाय ती."

"शेठ, बाईमाणसावर असा हात..."

"तू वायर लाव. तोंड चालवू नको."

आणि वाल्मिकनं सामान उचललं. ते त्याला अजून टोचतं.

मागच्या खोलीत त्यानं ड्रिल लावलं. भिंत वीतभर जाड. आरपार भोक पडलं, अंगठ्याएवढं. मग टॉर्च घेऊन तो घरामागं गेला, खांबावरून आणलेली केबल बाहेरून भोकात सारली. फायबरची केबल बघितलीय ना तुमी? काळी, चपटी. आत काचेची तार केसाएवढी, पण ती तुटू नये म्हणून दोन्ही अंगांनी पोलादी तारा असतात. माणसाच्या हातानं तुटायची नाय.

आत येऊन तो ओढायला लागला. तीनचार हात सरळ आली. मग अडकली.

कशात तरी गुंतली असंल म्हणून पुन्हा मागं गेला. केबलचं वेटोळं जमिनीवर सैल पडलेलं. गुंतायला काही नव्हतंच.

आत आला. ओढली.

पलीकडून कुणीतरी ओढली.

झटका नव्हता. माणूस ओढतो तशी. सावकाश, जोर लावून... केबल वाल्मिकच्या मुठीतून सरकली आणि तळहात चिरत गेली. भिंतीवर रक्त उडालं.

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. समोर पोपटचं घड्याळच होतं.

"शेठ... मागं कोण हाय?"

"कोण असणार? दोघंच तर हाव आमी." पोपट हसला. "सर बाजूला. हातात जोर नाय तुझ्या."

त्यानं केबलचे दोन वेढे उजव्या मुठीला घेतले. एक पाय भिंतीला लावला. ओढली.

काही नाय.

मग त्याचा हात भिंतीवर गेला. धाडकन. मूठ त्या भोकावर आपटली. केबल सैल झाली, पोपट मागं धडपडला, तोवर पुन्हा ताणली. पुन्हा धाडकन. पुन्हा. बोटं मोडल्याचा आवाज वाल्मिकनं ऐकला. सुकी काटकी मोडते तसा.

वाल्मिकनं त्याला कमरेला मिठी मारली. दोघंही फरफटले.

पोपटचा हात भोकात जायला लागला. अंगठ्याएवढ्या भोकात. कातडी सोलत होती. तो ओरडत होता.

केबलचं आतलं टोक फरशीवर पडलं होतं. ते उठलं. पोपटच्या गळ्याभोवती फिरलं. एकदा. दोनदा. आवळलं.

ओरडणं थांबलं.

"ठके..." पोपटच्या घशातून निघालं. "ठके... सोड..."

वाल्मिकनं पट्ट्यातनं पक्कड काढली. भोकाच्या कडेला, मोडलेल्या बोटांच्या फटीत केबल चिमट्यात धरली.

दारात रूपाली उभी होती.

"भाऊ... नका तोडू."

वाल्मिक तिच्याकडं बघत राहिला. पोपटची जीभ बाहेर आली. पाय फरशीवर घासत होते. वाल्मिक सांगतो, पाचसहा श्वास गेले असतील. तेवढा वेळ त्याचा हात हललाच नाय.

मग त्यानं तोडली.

"काका, त्याच्यासाठी नाय तोडली," तो मला म्हणाला. "घरात ती एकटी. खून तिच्या अंगावर आला असता."

पोपटचा हात सुटला, आणि तुटलेलं टोक भोकातून बाहेर गेलं. सावकाश. कुणी गुंडाळत नेतंय तसं.

पोपट वाचला. उजवा हात मनगटापासून काढावा लागला. दवाखान्यात नेताना गाडीत तो आपणहून सगळं बरळला. ठकीला त्याच खोलीत गळा आवळून मारली होती, आणि माळावरच्या पडीक विहिरीत टाकली होती. सोबत बसलेल्या रूपालीनं पोलिसांना जसंच्या तसं सांगितलं. चौथ्या दिवशी विहीर उपसली. सापळा मिळाला. बाईचा. एकच. तळाचा गाळ सगळा चाळला, दुसरं हाड नाय. पोपट तुरुंगात गेला. रूपाली माहेरी गेली, आता शिवणकाम करते.

विहीर उपसली त्या दिवशी वाल्मिकलाही पोलिसांनी बोलावलं होतं. काम आटपल्यावर राहिलेली केबल गोळा करायला तो घरामागं गेला. तिथली जमीन म्हणजे निव्वळ मुरूम. पहार मारली तर ठिणगी उडंल.

त्या मुरमात, भिंतीपासून पाच पावलांवर, टाचा रुतल्याच्या खुणा होत्या. चार बोटं खोल. रस्सीखेच खेळताना मागं रेलून रोवतो ना आपण, तशा. अनवाणी, बाईच्या.

पण ती एक जोडी नव्हती...

तीन होत्या. एकीमागं एक. पोपटनं तर एकट्या ठकीचंच नाव घेतलं होतं.

आणि सगळ्यात मागची... दोन वर्षांच्या पोराच्या टाचांएवढी.