भरवसा मोटर सर्व्हिस

"चोर सापडलाय, पेटी तेवढी मिळत नाही," असा निरोप मळवलीच्या पाटलाने धाडला, तेव्हाच फौजदार सबनीसांचं डोकं फिरलं. पेटी मिळाली नाही, तर चोर सापडला हे ठरवलं कुणी?

चावडीत बुधा ठाकर खांबाला बांधलेला होता. ओठ फुटलेला, पाठ सुजलेली. आदल्या दुपारी गावाने त्याला हात दुखेपर्यंत बडवलं होतं.

"आधी सोडा त्याला!" फौजदार ओरडले.

समोरच्या बाकावर लीलाबाई बसल्या होत्या. त्यांचे यजमान इथले, मावळातले. रेल्वेच्या कामावर नैरोबीला गेले आणि तिकडेच वारले. त्यांच्या अस्थी इंद्रायणीत सोडायला बाई आगबोटीने आल्या होत्या. स्वतः बाई जन्मल्या आफ्रिकेत, त्यामुळे इथलं सगळंच त्यांना परकं. गेलेल्या पेटीत चांदीचा कलश होता, आणि कलशात अस्थी.

"चांदी जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मला ते परत हवेत. मी त्यांना शब्द दिलाय."

"लोणावळ्याला मोटर कशी ठरवलीत?"

"स्टेशनाबाहेर दोन उभ्या होत्या. एकीचा पत्रा चेपलेला, ड्रायव्हर विडी ओढत बसलेला. दुसरीवर 'भरवसा मोटर सर्व्हिस' अशी पाटी होती. आत देवाची तसबीर, तिला ताजा हार. मालक मला आई म्हणाले. पेटी जपून बांधा, आत चांदीचा कलश आहे, असं मी सांगितलं, तर त्यांनी पेटीला हात जोडले."

गोडबोल्या माणसांचा फौजदारांना मुळातच तिटकारा. पण तिटकारा म्हणजे काही पुरावा नव्हे.

भरवसावाला महिपती पुढे आला. कपाळी गंध, अंगात परीटघडीचा कोट.

"मोटर का थांबली?"

"इंजिनातलं पाणी उकळलं साहेब. हा मोळी घेऊन चालला होता. त्याला डबा देऊन ओढ्याला धाडलं. आईंना म्हणलं, आंब्याखाली सावलीत बसा. मी पुढं इंजिनात डोकं घालून होतो. मागं बघतो तर पेटी गायब! ओरडलो, तसं गाव धावून आलं. हाच वळसा घालून आला असणार. या लोकांची जातच तसली."

"बाई, आंब्याखालून तुम्हाला मोटर दिसत होती?"

"नाही. मध्ये उंच बांध होता."

"स्टेशनावर पेटी कुणी उचलली?"

"दोन हमालांनी. एकट्याला हलेना."

फौजदार बुधाकडे वळले. "पाणी आणलंस?"

"आनलं की साहेब. डबा भरून आनला. त्यो खाली ठिवतोय तंवर पाठीत काठी बसली."

"चोर तो चोर, वर साळसूद!" महिपती पुटपुटला.

फौजदारांनी सगळ्यांना घेऊन ती जागा गाठली. सपाट रस्ता, दोन्ही अंगाला भाताची खाचरं. पाऊस तोंडावर आलेला. भाताची रोपं टाकण्याआधी मावळात राब भाजतात: वाफ्यावर टहाळ्या, पाचोळा, शेण रचायचं आणि पेटवून द्यायचं. नजर पोचेल तिथवर वाफे भाजून काळे पडले होते. रस्त्याला लागून एकच ढीग तसाच उभा होता, वाळून तपकिरी झालेला.

"कुठे कुठे शोधलंत?" फौजदारांनी पाटलाला विचारलं.

"वढा, नाला, करवंदीच्या जाळ्या, समदं पालथं घातलं."

"आणि हा राब?"

पाटील चपापला. "दुसऱ्याच्या राबाला कुनी हात लावतं व्हय साहेब?"

राबाचा मालक हौशीराम बांधावर उभा होता.

"आभाळ भरून आलंय. तुझाच राब कसा राहिला रे?"

"भाजायचाच हाय. दाजी म्हनले, दोन दिस थांब."

"दाजी कोण?"

हौशीरामने एकदा महिपतीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

फौजदारांनी खिशातून काडेपेटी काढली. "पावसाने भिजला तर वर्ष वाया जाईल तुझं. मीच पेटवतो." त्यांनी काडी ओढली.

"साहेब, नका!" महिपती धावला. "जळंल समदं!"

"काय जळेल?"

फौजदारांनी काडी फुंकून विझवली. शिपायांनी ढीग उपसला. तळाशी पेटी होती, कुलूप तोडलेली.

"घाट चढताना इंजिन उकळतं," फौजदार म्हणाले, "या सपाट रस्त्याला नाही. पाणी कमी ठेवूनच तू निघालास. पेटीत चांदी आहे हे तुला एकट्यालाच ठाऊक होतं. बाईंना बांधाआड बसवलंस, बुधाला ओढ्याला पिटाळलंस. पेटी एकट्याने हलत नाही, म्हणून राबावर काम करणाऱ्या मेव्हण्यापाशीच मोटर थांबवलीस. बुधा चोर असता, तर भरला डबा घेऊन मार खायला परत आला असता? दुसऱ्याच्या राबाला गाव हात लावत नाही, त्याच्या भरवशावर तुम्ही पेटी लपवलीत. पण सगळ्यांचे राब भाजून झाले, हे तुमच्या ध्यानात आलं नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा!"

लीलाबाई पेटीपाशी बसल्या. लुगड्यात गुंडाळलेला कलश त्यांनी बाहेर काढला. तो रिकामा होता. आतून घासून पुसून लख्ख केलेला.

"ते कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

फौजदारांनी हौशीरामची मानगूट धरली.

"रातच्याला वतलं... त्या शेजारच्या वाफ्यात. दाजी म्हनले, राखंत राख, कुनाला कळतंय?"

फौजदार पचकन थुंकले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खून पाहिले होते, दरोडे पाहिले होते. अशी किळस त्यांना कधी आली नव्हती. महिपती अजूनही हात जोडून "आई, आई" करत होता. शिपायाने त्याच्या मुस्कटात दिली, आणि फौजदारांनी ते दिसूनही पाहिलं नाही.

लीलाबाई वाफ्यात उतरल्या. सगळं काळं. त्यात कुठे कुठे पांढरे तुकडे दिसत होते. काल काठ्या घेऊन धावलेला गाव बांधावरच थबकला; परक्याच्या अस्थींना शिवायचं कसं? पाटीलसुद्धा हलला नाही.

बुधा खाली उतरला. सुजलेल्या बोटांनी तो एकेक तुकडा उचलू लागला, फुंकर घालून बाईंच्या पदरात ठेवू लागला.

"काल मीपण तुम्हाला चोर म्हटलं," लीलाबाई म्हणाल्या.

"पायाखाली बघा बाई," तो म्हणाला, "तितं एक ऱ्हायलाय."

वाफा धुंडाळून होईपर्यंत दुपार टळली. जेवढे मिळाले तेवढे कलशात गेले. फौजदारांनी आपली गाडी पुढे आणायला सांगितली.

"नको," बाई म्हणाल्या. त्यांनी कलश उचलला आणि बुधाच्या हातात दिला. "नदी कुठे आहे, तुम्ही दाखवा. मी चालत येते."