सौदामिनीचा दहावा

नांदेडच्या वाचनालयाचं हस्तलिखित मासिक म्हणजे महिन्याला एकच प्रत. निजामाच्या राज्यात छापायला इजाजत लागे, म्हणून ती प्रतच घरोघर फिरे आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर वाचक अभिप्राय लिहीत. रेणुकादास मास्तरांच्या गोष्टीतली विधवा सौदामिनी पुनर्विवाह करणार अशी चिन्हं दिसली आणि त्या पानांवर नुसता भडका उडाला. 'मेली तरी चालेल, लग्न नको,' असं शेषेराव वकिलांनी लिहिलं. खाली बावीस सह्या.

मास्तरांनी शेपूट घातलं. पुढच्या अंकात सौदामिनीनं विहिरीत उडी घेतली. 'उत्तम शेवट!' असे अभिप्राय आले. जनाची नाही तर मनाची तरी, म्हणतात ना? ती मास्तरांना वाटली, पण उशिरा. ते अभिप्राय त्यांना वाचवेनात.

मग शेषेरावांच्या विहिरीतून पोहरा कोरडा वर आला. पाणी तर वरून स्वच्छ दिसत होतं. आठवड्यात आणखी दोन घरी तेच झालं. तिन्ही घरी तो अंक नुकताच जाऊन आला होता.

शेषेरावांच्या आई धोंडाबाईंना वाचता येत नसे. त्यांनी गोष्ट ऐकली होती. "बाई अडकून ऱ्हायली पाण्यात," त्या म्हणाल्या. "दहावा करा तिचा."

सकाळी गोदावरीच्या घाटावर शेषेरावांनी पिंड ठेवला. कुणी हसलं नाही. कावळे समोरच्या लिंबावर बसून होते. एकही खाली येईना.

"मास्तर, तिची काय इच्छा ऱ्हायली ते तुमालाच ठावं," धोंडाबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या नजरा वळल्या. मास्तरांचे कान शरमेनं तापले.

"लग्न लावून देतो तुझं," ते पुटपुटले. शेषेरावांनी मान खाली घातली.

कावळे हलले नाहीत.

"ती विहीरच खोडून टाकतो."

तरीही नाही.

मास्तर ओल्या पायरीवर गुडघे टेकून बसले. "चुकलं माझं, बाई. बावीस सह्यांना भ्यालो. इथून पुढं तू सांगशील तसंच लिहीन. शब्द देतो."

कावळा पिंडाला शिवला.

घरी येऊन, न जेवताच, ते टाक घेऊन बसले. कितीतरी दिवसांनी मन हलकं झालं होतं. हात आपोआप चालू लागला.

'रेणुकादास मास्तर विहिरीच्या काठावर आले.'

अक्षर त्यांचंच होतं.

'त्यांनी चपला काढून ठेवल्या.'

मास्तरांनी टाक खाली ठेवला नाही. शब्द दिला होता.